निर्णयसागरी अक्षर आणि त्याची नवी नावे

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१५ पासून 'मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया' ही ग्रंथमाला काढायला सुरुवात केली. तिच्यातला सूरदासांच्या पदांचा किंवा भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा खंड उघडला, की डाव्या पानावर नागरीतली मूळ संहिता आणि उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर अशी समोरासमोरची मांडणी दिसते. दोन्ही पानांवरची मुद्राक्षरे नवी आहेत आणि दोन्ही जुन्या धातूच्या खिळ्यांकडे पाहून घडवलेली आहेत. इंग्रजीचे मुद्राक्षर हेन्रिक कूबेल यांचे. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात प्लँतँ-मोरेतुस हे मुद्रणाचे संग्रहालय आहे, तिथल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या खिळ्यांवरून ते सुचले, म्हणून त्याचे नाव 'अँटवर्प'. नागरी मुद्राक्षर जॉन हडसन आणि फिओना रॉस यांचे. त्याची प्रमाणे आणि वळण मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या परंपरेतले आहे. त्याचे नाव मात्र 'मूर्ती संस्कृत', आणि हिंदीसाठीच्या भावंडाचे 'मूर्ती हिंदी'. ज्या घराण्याच्या देणगीवर ही माला उभी आहे, त्या घराण्याचे हे आडनाव.

उजव्या पानाने आपल्या उगमाच्या गावाचे नाव घेतले, डाव्या पानाने दात्याचे. या फरकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मुद्राक्षराचे नाव वाचायची आपल्याला सवय नाही, आणि ते पुस्तकात ठळकपणे छापलेही जात नाही. पण जुन्या छपाईवरून नवे मुद्राक्षर घडवणे ही एक प्रकारची समीक्षाच असते. जुन्यातले काय टिकवायचे, काय सोडायचे आणि श्रेय कोणाला द्यायचे, याचे निर्णय त्यात घेतलेले असतात, आणि शेवटचा निर्णय नावात उतरतो. म्हणून या लेखात दोन गोष्टी तपासायच्या आहेत. नव्या अक्षराने जुन्याला कितपत न्याय दिला, आणि नावाने कोणाला न्याय दिला. माझे म्हणणे आधीच सांगतो. अक्षराला बराचसा न्याय मिळाला आहे. नावाचा न्याय अजून बाकी आहे, आणि त्याची जबाबदारी हार्वर्डपेक्षा आपल्यावर, म्हणजे मराठी वाचक-प्रकाशकांवर अधिक आहे.

१. कोलभाट गल्लीतला कारखाना

निर्णयसागरची कथा जावजी दादाजी चौधरी यांच्यापासून सुरू होते. जन्म १८३९, मुंबईत, गरीब घरात. शाळेची संगत फार लाभली नाही. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासण्याच्या कामाला लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडा साफ करून तो सरळ करायचा, हे त्या धंद्यातले सर्वांत खालचे काम. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम हा कसबी माणूस होता. मराठी टाईपला मुंबईत जे नेटके रूप आले, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या हाताखाली जावजींना या विद्येचा पाया मिळाला. पुढे मुंबईतल्या इतर छापखान्यांतही काम करून त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. गिरगावच्या वेशीवरची काळबादेवीची कोलभाट गल्ली हा त्याचा पत्ता पुढे संस्कृत शिकणाऱ्या जगभरच्या माणसांना पाठ झाला.

आधी खिळ्यांचा कारखाना आणि मग छापखाना, हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक मुद्रक खिळे विकत घेत आणि पुस्तके छापत. जावजींनी आधी अक्षर तयार केले आणि मग त्या अक्षराला शोभेल असे साहित्य शोधले. १८८६ पासून निघालेली 'काव्यमाला' हे त्याचे उत्तम फळ. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारशास्त्रावरचे ग्रंथ ओळीने छापले गेले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिकही याच छापखान्यात छापले जाई. जावजी १८९२ मध्ये वारले. त्यांच्यामागे तुकाराम जावजी आणि पुढे पांडुरंग जावजी ही नावे मुखपृष्ठांवर दिसू लागतात.

'निर्णयसागर' हे नावही विचार करून ठेवलेले वाटते. 'निर्णयसिंधु', 'धर्मसिंधु' या धर्मशास्त्रीय ग्रंथांच्या नावांचे ते जवळचे नातलग आहे. तिथी, श्राद्ध, व्रत यांच्या शंकांवर ज्या ग्रंथांकडे पाहायचे, त्यांच्या पंक्तीला एका छापखान्याने आपले नाव बसवले. छापील पोथी सोवळ्यात चालेल का, शाईत चरबी असते का, असे प्रश्न ज्या शतकात विचारले जात होते, त्या काळात या नावाने ग्राहकाला एक आश्वासन दिले. इथले पाठ शुद्ध असतील, असा त्याचा अर्थ. आणि ते आश्वासन पाळलेही गेले. निर्णयसागरी प्रत म्हणजे विश्वासाची प्रत, असा लौकिक झाला.

या लौकिकात एक नाव बुडाले. जावजींचे स्नेही आणि सहकारी राणोजी रावजी आरू यांनी या कारखान्याचे ठसे कोरले. मुद्रणाच्या इतिहासाची पुस्तके त्यांचा उल्लेख करतात, पण एखाद्या वाक्यात. नावाचे रूपही एकसारखे नाही. कुठे राणोजी, कुठे राणूजी, कुठे नुसते राणू. ज्याच्या हातचे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, त्याच्या नावाचे अक्षर आपण निश्चित करू शकलेलो नाही.

२. ठसा, मातृका, खिळा

आरूंनी नेमके काय केले, हे समजण्यासाठी खिळा कसा घडे ते पाहिले पाहिजे. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. हा ठसा. कोरताना तो दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची, कागदावर दाबून अक्षर पाहायचे, पुन्हा कानस लावायची. मनासारखा झाला की पोलादाला पाणी देऊन तो कठीण करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. त्यातून अक्षराचा खोलगट साचा मिळे, ती मातृका. मातृका ओतण्याच्या साच्यात बसवून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतला, की खिळा तयार. ठसा एक, मातृका मोजक्या, खिळे लाखो. त्या लाखो खिळ्यांचे वळण एका माणसाच्या मनगटाने ठरवलेले असे.

रोमन लिपीसाठी असे शंभर-दीडशे ठसे पुरत. नागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून कित्येक शेकडे लागत, तेही एका आकारासाठी. 'किरातार्जुनीया'ची निर्णयसागरी आवृत्ती पाहा. वर भारवीचा श्लोक मोठ्या अक्षरात, खाली मल्लिनाथाची 'घण्टापथ' टीका बारीक अक्षरात. हे बारीक अक्षर मोठ्याचे आकुंचन नव्हे. ते स्वतंत्र कोरलेले आहे. लहान आकारात अक्षराचे पोट बुजू नये म्हणून ते थोडे मोकळे ठेवावे लागते आणि बारीक रेघ तुटू नये म्हणून जराशी जाड करावी लागते. कोरणाऱ्याला हे प्रत्येक अक्षरागणिक ठरवावे लागे. म्हणून 'निर्णयसागर' हे एका मुद्राक्षराचे नाव म्हणून वापरताना सावध राहिले पाहिजे. ते अनेक आकारांच्या, अनेक वर्षांत वाढत गेलेल्या संचांचे मिळून पडलेले नाव आहे.

या सर्व संचांत समान काय आहे? माझ्या वाचनात तीन गोष्टी येतात. एक, अक्षराची भरदार अंगकाठी. शिरोरेषेपासून तळापर्यंतची जागा अक्षर भरून टाकते आणि मात्रा-उकार आपापल्या माफक जागेत राहतात. दोन, बोरूचे वळण. तिरप्या कापलेल्या बोरूने काढल्यासारखा जाड-बारीक रेघेचा फरक धातूतही स्पष्ट राहतो, पण गोलाई कुठे ताठरत नाही. तीन, उभी जोडाक्षरे. 'वाङ्मय', 'तत्त्व', 'उद्ध्वस्त', 'ब्रह्म' अशा शब्दांत व्यंजने एकाखाली एक बसून एकच आकृती होते. डोळा तिथे अडखळत नाही, कारण पोथीतही ती तशीच होती.

आणखी एक गोष्ट मुंबईच्या सर्वच खिळ्यांची आहे. अ, झ, ण यांची जी रूपे आज आपण एकमेव समजतो, ती मुंबई वळणाची. कलकत्ता-काशीकडच्या छापखान्यांत यांची वेगळी रूपे चालत. जुने हिंदी ग्रंथ पाहिले की तो 'अ' क्षणभर ओळखू येत नाही. पुढे हिंदीच्या प्रमाणीकरणातही मुंबईचीच रूपे स्वीकारली गेली. हा विजय एकट्या निर्णयसागरचा नाही. गणपत कृष्णाजी, अमेरिकन मिशन, गिरगावातली गुजराती टाईप फाउंड्री अशा अनेकांचा त्यात हात आहे. पण निर्णयसागरची संस्कृत पुस्तके काशीपासून तंजावरपर्यंत गेली, आणि त्यांच्याबरोबर गिरगावचा 'अ'ही गेला.

३. यंत्राने काय गाळले

विसाव्या शतकात हाताने खिळे जुळवण्याची जागा यंत्राने घ्यायला सुरुवात केली. लायनोटाईपच्या कळफलकावर कळा नव्वद. काही शेकडे खिळ्यांची नागरी नव्वद कळांत बसवायची, तर छाटणी आलीच. त्या काळात टंकलेखन यंत्राचीही तीच अडचण होती. त्याआधी खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी खटाटोप केला होता, आणि सावरकरांनी लिपिशुद्धीत अ-ची बाराखडी पुढे मांडली. यांचे हेतू वेगवेगळे होते, पण दबाव एकच होता. लिपी यंत्राला परवडली पाहिजे.

या दबावाखाली पहिला बळी उभ्या जोडाक्षरांचा गेला. 'द्ध' हा एक आकार होता, त्याऐवजी पाय मोडलेला 'द्' आणि शेजारी 'ध' आला. मात्रा-उकारांना ठरावीक जागा मिळाली. मग कुठल्याही अक्षराला तो उकार त्याच उंचीवर लटकू लागला. रेघेतला जाड-बारीक फरक कमी झाला. यातले काही बदल आवश्यक होते, वृत्तपत्रांना तर उपकारकच ठरले. पण वाचकाला सांगितले गेले की ही लिपीची सुधारणा आहे. प्रत्यक्षात ती यंत्राची गरज होती.

निर्णयसागरी अक्षर या काळात वेगळ्याच रीतीने टिकले. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली 'चरकसंहिता' १९४१ मध्ये निर्णयसागरने छापली. तिची आणि अशा कित्येक ग्रंथांची पुनर्मुद्रणे उत्तरेतल्या प्रकाशकांनी जुन्या पानांचे छायाचित्र घेऊन काढली. खिळे वितळून गेले असतील, पण त्यांची छाया छापली जात राहिली. आयुर्वेदाचे आणि संस्कृतचे विद्यार्थी ज्या काळपट, कडा झिजलेल्या अक्षरांत अभ्यास करतात, ती अनेकदा कोलभाट गल्लीतली अक्षरे असतात.

४. नव्या अवताराचे मूल्यमापन

संगणकाने नव्वद कळांची अट काढून टाकली. आता एका फाँटमध्ये हवी तितकी जोडाक्षरे ठेवता येतात आणि उकार कुठल्या अक्षराखाली किती खाली उतरावा, हे स्वतंत्रपणे सांगता येते. हडसन आणि रॉस यांनी याचा पुरेपूर उपयोग केला, ही 'मूर्ती संस्कृत'ची पहिली थोरवी. मल्लिनाथी टीकेसह छापलेले निर्णयसागरी 'किरात' आणि हार्वर्डचे 'किरात' मी शेजारी ठेवून पाहिले. जोडाक्षरांच्या बाबतीत नव्या पानाने जुन्याशी नाते जुळवले आहे. व्यंजने पुन्हा एकाखाली एक उभी राहिली आहेत. अक्षराची अंगकाठी भरदार आहे. रेघेत बोरू जाणवतो.

हे अक्षर नक्कल नाही, ही दुसरी थोरवी. जुन्या पानाचे छायाचित्र घेऊन कडा गिरवल्या असत्या, तर शाईचा फुगवटा आणि झिजलेल्या खिळ्याचे वाकडेपणही अक्षराचा भाग झाले असते. ठसा कोरणाऱ्याच्या मनात जे अक्षर होते ते वेगळे, आणि दाब देऊन ओलसर कागदावर उमटले ते वेगळे. रेखाटनकारांनी पहिल्याचा शोध घेतला आहे.

हेच रेखाटन पुढे 'टिरो देवनागरी' या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले, संस्कृत, हिंदी आणि मराठी अशा तीन रूपांत. मराठी रूपात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला, तरीही संगणकावरचे बहुतेक फाँट हिंदी वळणाची रूपे देत आणि मराठी पुस्तकेही निमूटपणे ती छापत. या बाबतीत एका परदेशी संस्थेने मराठीला स्वतंत्र रूप दिले, हे नमूद केलेच पाहिजे. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक ज्याला कळतो, त्याने मराठीचा विचार केला आहे असे मी मानतो.

आता उणिवा. पहिली आकाराची. वर म्हटल्याप्रमाणे निर्णयसागरचे बारीक अक्षर वेगळे कोरलेले होते. नव्यात एकच रेखाटन लहान-मोठे केले जाते. संहितेच्या आकारात ते सुंदर दिसते, पण तळटीपेच्या आकारात बारीक रेघा फिकट पडतात. मूळ परंपरेतली सर्वांत मोठी शिकवण इथे सुटली.

दुसरी उणीव ठळक रूपाची. 'टिरो'त सरळ आणि तिरपे अशी दोनच रूपे आहेत. तिरपी नागरी आपल्या छपाईच्या सवयीची नाही, ती रोमनच्या सोबतीने आली. आपल्याकडे जोर द्यायला, कोशातला मूळ शब्द वेगळा दाखवायला काळा टाईप वापरत. त्याची सोय नसेल, तर मराठी कोश, पाठ्यपुस्तक किंवा टीकाग्रंथ या अक्षरात पूर्णपणे लावता येत नाही.

तिसरी गोष्ट पानाची आहे. जुने पान दाट असे. कागद महाग, टीका लांब, म्हणून ओळी एकमेकींना चिकटून. नव्या पानावर ओळींमध्ये प्रशस्त मोकळीक आहे. त्यामुळे वाचन सोपे होते, पण निर्णयसागरी पानाचा जो एकसंध करडा पोत होता, तो इथे दिसत नाही. याला मी दोष म्हणणार नाही. फक्त 'निर्णयसागर पुन्हा आले' असे कोणी म्हटले, तर अक्षर आले, पान आले नाही, एवढे लक्षात ठेवावे.

५. नावे ठेवण्याच्या रीती

खिळ्यांच्या काळात आपल्याकडे मुद्राक्षराला नाव नसे. जुळारी आकाराने आणि रंगाने बोलत. बारा पॉईंट, सोळा पॉईंट, पायका, ग्रेट, काळा, पांढरा. कोणाचा टाईप, असे विचारले तर फाउंड्रीचे नाव येई. संगणक आला तेव्हा नावे येतील असे वाटले, पण आधी आकडे आले. 'श्री-लिपी'चे फाँट सातशे आठ, सातशे चौदा अशा क्रमांकांनी ओळखले गेले, आणि अक्षरजुळणी करणारा आजही क्रमांकानेच अक्षर मागतो. शेजारी मंगलवाचक नावे होती. योगेश, सुरेख. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी घडवलेल्या नागरीचे नाव तर 'मंगल'च.

गेल्या काही वर्षांत मुंबईतल्याच 'एक टाईप' या गटाने नावांत खेळकरपणा आणला. गुबगुबीत अक्षराचे नाव 'मोदक' ठेवले, की रूप आणि नाव एकमेकांना दाद देतात. त्याच गटाचे 'जैनी' हे माझ्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १५०३ सालच्या जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून ते घडवले आणि नावातच उगम सांगितला. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे ही रेखाटनकारांची नावेही त्यासोबत नोंदलेली आहेत. उगमाचे नाव मुद्राक्षराला आणि घडवणाऱ्याचे नाव नोंदीत, ही वाटणी मला न्यायाची वाटते.

युरोपात मुद्राक्षरांना माणसांची नावे देण्याची रीत जुनी आहे, पण तिथेही ती नेहमी खरी नसते. 'गॅरामाँड' म्हणून मिरवणाऱ्या विसाव्या शतकातल्या अनेक मुद्राक्षरांचा उगम क्लोद गॅरामाँच्या खिळ्यांत नसून नंतरच्या झाँ झानोंच्या खिळ्यांत आहे, हे बिअट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. 'जान्सन' म्हणून ओळखले जाणारे अक्षर खरे तर मिक्लोश किश या हंगेरियन कारागिराचे निघाले. बास्करव्हिलच्या नावाचे अक्षर जॉन हँडीने कोरले. छापखान्याचा मालक उजेडात आणि ठसे कोरणारा अंधारात, ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. फरक इतकाच की तिकडे कोणीतरी शोध घेतला आणि श्रेय दुरुस्त केले. शोध घेता आला, कारण अँटवर्पच्या संग्रहालयात ठसे आणि मातृका जपून ठेवलेल्या आहेत. गिरगावात तसे घर उभे राहिले नाही.

भारतातही एक उदाहरण आहे. हॅल्हेडच्या १७७८ च्या बंगाली व्याकरणात अक्षरांचे सारे श्रेय चार्ल्स विल्किन्सला दिले गेले. पंचानन कर्मकाराचे नाव त्यात नाही. पण बंगाली वाचकांनी ते विसरू दिले नाही. आज बंगाली मुद्रणाचा इतिहास पंचाननापासून सांगितला जातो.

या पार्श्वभूमीवर 'मूर्ती' आणि 'टिरो' ही नावे पाहू. ग्रंथमालेच्या टीपेत निर्णयसागरचा उल्लेख आहे, म्हणजे ऋण लपवलेले नाही. ज्याने खर्च केला त्याचे नाव दिले, हा व्यवहारही समजण्यासारखा आहे. गंमत अशी की मराठी कानाला ते आडनाव वाटतच नाही. लालबाग-परळच्या माणसाला 'मूर्ती' म्हटले की गणपतीचे कारखाने आठवतील. तिथली रीत या वादात बोलकी आहे. लालबागच्या राजाचे नाव वस्तीवरून पडले, मंडळ १९३४ पासूनचे, पण मूर्ती कांबळी घराण्याची हे सर्वांना ठाऊक असते. वस्तीचे नाव आणि कारागिराचे नाव तिथे एकमेकांच्या आड येत नाही. दादरला शिवाजी मंदिरावरच्या फलकाकडे पाहून नाटकाच्या शीर्षकाची अक्षरे कमल शेडगे यांची, हे ओळखणारे रसिक होतेच. म्हणजे अक्षर घडवणाऱ्याला ओळखण्याची सवय आपल्याला अजिबात नाही असे नाही. ती पुस्तकाच्या पानापर्यंत पोहोचली नाही.

'टिरो' नावात एक वेगळाच योगायोग आहे. टिरो हा सिसेरोचा लेखनिक. आधी गुलाम, पुढे मुक्त झालेला. लघुलेखनाच्या एका पद्धतीला त्याचे नाव मिळाले आणि दोन हजार वर्षे टिकले. मालकासाठी अक्षरे लिहिणाऱ्या त्या रोमन माणसाचे नाव आज मराठीच्या फाँटवर आहे. मालकासाठी अक्षरे कोरणाऱ्या आरूंचे नाही.

६. नाव कोठे छापायचे

आरूंचे नाव का बुडाले, याचे एक साधे कारण कायद्यात आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक केले. त्यामुळे निर्णयसागरच्या पुस्तकांत मालकाचे नाव मिळते, मुद्रक म्हणून रामचंद्र येसू शेडगे यांचे नाव मिळते, कोलभाट गल्लीतला घरक्रमांकही मिळतो. सरकारला मजकुराबद्दल कोणाला धरायचे ते हवे होते. अक्षराबद्दल कोणाला धरायचा प्रश्न नव्हता, म्हणून ठसे कोरणाऱ्याची नोंद झाली नाही. जे नाव छापले गेले नाही, ते अ. का. प्रियोळकर किंवा बापूराव नाईक यांच्यासारख्या अभ्यासकांनी खटपट करून उभ्या केलेल्या मुद्रणाच्या इतिहासातही ओळखीपुरतेच येऊ शकते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अक्षर एकट्याचे नसते. ठसे कोरणारा, मातृका बसवणारा, रस ओतणारा, खिळा घासणारा, जुळारी, असे अनेक हात त्यात असतात. जावजी स्वतः खिळा घासण्यापासून वर आले. मग एकाच माणसाच्या नावाचा आग्रह का? शिवाय निर्णयसागरचे सर्व आकार, सर्व काळातले ठसे आरूंचेच, असे धरून चालता येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच 'निर्णयसागर' हे नाव बाजूला सारावे असे मी म्हणत नाही. ते वळणाचे नाव म्हणून राहावे. 'निर्णयसागरी वळण' म्हटले की त्यात सारे हात येतात. पण त्या वळणातले एखादे विशिष्ट पान, विशिष्ट आकार घेऊन कोणी नवे मुद्राक्षर घडवणार असेल, तर त्याने ते कोणत्या ग्रंथावरून, कोणत्या आवृत्तीवरून आणि कोणत्या आकारावरून घेतले हे सांगावे. जावजींच्या हयातीतल्या पहिल्या संचांवरून घेतले असेल, तर त्याचे नाव 'आरू' ठेवावे.

हे नाव सुचवण्यात केवळ कृतज्ञता नाही, उपयोगही आहे. मुद्राक्षराचे नाव हा त्याचा पहिला नमुना असतो. यादीत ते त्याच अक्षरात दिसते. 'आरू' या दोन अक्षरांत मुंबई वळणाची परीक्षा होते. 'आ'मध्ये तो 'अ' आहे, ज्याने मुंबईला कलकत्त्यापासून वेगळे केले. आणि 'रू'मध्ये नागरीची एक लकब आहे. इतर बहुतेक अक्षरांना ऊकार खाली लागतो, 'र'ला तो कमरेशी लागतो आणि नवा आकार होतो. 'रु' आणि 'रू' यांतला फरक लहान आकारातही डोळ्याला कळला पाहिजे. ज्याला तो नीट काढता आला, त्याला ठसा कोरणाऱ्याची अडचण समजली.

पण नवे मुद्राक्षर येईपर्यंत थांबायचे कारण नाही. मराठी पुस्तकाचे श्रेयपान उघडून पाहा. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, सगळ्यांना ओळ असते. पाचशे पाने ज्या अक्षरात वाचायची, त्याचे आणि ते घडवणाऱ्याचे नाव नसते. दिवाळी अंकांतही नसते. हार्वर्डच्या खंडात निदान एक टीप आहे, तिच्यामुळेच हा लेख लिहिता आला. आपल्या श्रेयपानावर 'मुद्राक्षर' अशी एकच ओळ वाढवली, तर तिला पैसा लागत नाही आणि जागाही फारशी लागत नाही. अक्षर निर्णयसागरी वळणाचे असेल, तर त्या ओळीत जावजी दादाजी आणि राणोजी आरू ही दोन्ही नावे यावीत. राणोजी की राणूजी, हे एकदा नीट तपासून ठरवण्याची गरजही मग आपोआपच भासेल.